ग्लो ट्रेनर इलेक्ट्रिक करताना: तेलकट फायरवॉलचं प्रकरण

मंडळी, माझं जुनं ग्लो ट्रेनर, म्हणजे छोट्या ग्लो इंजिनावर उडणारं रिमोटचं शिकाऊ मॉडेल विमान, मी इलेक्ट्रिक मोटरवर नेतोय. आज खरं तर वॉटमीटरचे (मोटर किती वीज खाते ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे देणार होतो. 4एस (चार सेलची) बॅटरी, 12x6 इंची प्रॉप (पंखा), अंदाजे 40 अँपिअर, म्हणजे साधारण 560 वॉट, 2.6 किलोच्या ट्रेनरला भरपूर. पण थ्रॉटल अर्ध्यापुढे नेलं आणि फायरवॉलवर (नाकातल्या, इंजिन बसायच्या प्लायच्या भिंतीवर) चिकटवलेला प्लाय मोटरसकट निघून आला. वायरींनी धरून ठेवलं म्हणून बरं. प्रॉप गेला.

सांधा उलटा करून पाहिला. इपॉक्सीबरोबर लाकडाचा एक तंतूही आलेला नाही, आणि बोट फिरवलं तर ओशट. ग्लो फ्युएलमधलं तेल जळून जात नाही. ते सायलेन्सरमधून बाहेर पडतं, फायरवॉलमधल्या इंधन टाकीच्या भोकाच्या कडेने झिरपतं आणि वर्षानुवर्षं प्लायच्या थरांत मुरतं. अ‍ॅसिटोनने पुसल्यावर लाकूड कोरडं ठणठणीत वाटतं. हीट गन दाखवा, लगेच घाम फुटतो त्याला.

शेवटी लागू पडला तो कॉर्नफ्लोअरचा लेप. अ‍ॅसिटोनमध्ये घट्टसर कालवायचा आणि थापायचा. अ‍ॅसिटोन आत शिरून तेल पातळ करतो, उडताना ते वर आणतो, पीठ ते शोषून घेतं. सुकलेला लेप पिवळट पडून सुटतो. जुन्या टूथब्रशने झाडायचा आणि पुन्हा नवा थापायचा. हे सगळं उघड्या गॅलरीत करा, आणि अ‍ॅसिटोन पुरता उडाल्याशिवाय हीट गन जवळ आणू नका. तपासणी पाण्याच्या थेंबाने: थेंब गोल उभा राहिला तर तेल आहे, पसरून मुरला तर लाकूड तयार. कडेला थेंब मुरला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला. तिने कॉर्नफ्लोअरचा डबा कुठंय ते विचारलं.

टाकीच्या भोकाभोवती मात्र थेंब अजून गोलच. तिथे किती लेप द्यायचे, याच विचारात हे लिहायला बसलो आणि आता वाटतंय, तेवढं लाकूड ठेवायचंच कशाला? सायलेन्सरसकट 46चं (0.46 घन इंचांचं) इंजिन जवळजवळ अर्धा किलो होतं. मोटर 300 ग्रॅमची, म्हणजे नाक हलकं. शिवाय प्रॉप जुन्या जागी आणायला मोटर सहाएक सेंटीमीटर पुढे घ्यावीच लागते. मग स्टँडऑफऐवजी (मोटर पुढे धरणाऱ्या खुंट्यांऐवजी) पोकळ प्लाय बॉक्स करायचा, फायरवॉलला मधोमध 50x35 मिमीची खिडकी पाडायची आणि बॅटरीचं तोंड थेट बॉक्समध्ये सरकवायचं. सगळ्यात तेलकट भाग कचऱ्यात जाईल. बॉक्स चिकटेल तो कडेच्या स्वच्छ लाकडाला, जोडीला आरपार बांबूच्या काड्या.

लगेच मोटर आणि बॅटरी त्या अंतरावर टेपने बांधून पाहिली. सीजी (विमानाचा तोल साधणारा बिंदू) जुन्या खुणेवर, शिशाचा एक कणही न घालता! चहा झाला त्यावर.

बॉक्सला बर्च प्लायच घेणार. हार्डवेअरवाल्याकडचा कमर्शियल प्लाय जड, वर आत पोकळ्या. आणि पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे नको, लाकडात शिरायच्या आत सेट होतं. तीस मिनिटांचं घ्या. राइट आणि डाउन थ्रस्ट (मोटरचा उजवीकडे आणि खाली किंचित कल) बॉक्सच्या पुढच्या पाटीतच देईन. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बॉक्सच्या खाली, वाऱ्यात.

हॅचचं (बॅटरीच्या झाकणाचं) अडलंय. वरून कापला तर विंग न काढता बॅटरी बदलता येईल, पण वरचं बाल्साचं शीट गेलं की नाक कमजोर होणार. कोणी चाळीसच्या (साधारण याच मापाच्या) ट्रेनरला वरून हॅच केला असेल तर कडेला आधार कशाचा दिला ते सांगा. तोवर मी खिडकी कापायला घेतो.