मधली झीज आणि कडेची पकड

पुण्यात राहून ताम्हिणी, वरंधा आणि आंबेनळी हे घाट वर्षातून अनेकदा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला टायरविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘किती किलोमीटर चालतो?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. टायरचे आयुष्य आपण मोजतो ते मधल्या पट्ट्यावर, आणि वळणात भिस्त ठेवतो ती कडेच्या रबरावर.

माझी गाडी म्हणजे केटीएम 390 ड्यूक ही मोटरसायकल. 2013 साली ही गाडी भारतात आली तेव्हा तिला मेट्झेलर स्पोर्टेक एम5 हे रेडियल टायर मूळचेच बसवलेले होते. पुढचा टायर 110/70 आणि मागचा 150/60, दोन्ही सतरा इंची. मागच्या टायरवर 66डब्ल्यू अशी खूण असते. 66 म्हणजे 300 किलोपर्यंतचा भार आणि डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किलोमीटरपर्यंतचा वेग. दीडशे किलोच्या आसपासच्या आपल्या गाडीला हा वेग कधीच गाठायचा नसतो. ही खूण वाचताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, की असा टायर मुळात जड आणि वेगवान गाड्यांचा विचार करून घडवलेला असतो, आणि त्याला पुरेशी ऊब देणे हलक्या गाडीला दर वेळी जमत नाही.

एम5ची रचना मला आजही मनापासून आवडते. त्यात रबर सगळीकडे एकच असते, पण आतली पोलादी तार गुंडाळताना तिचा ताण पट्ट्यापट्ट्याने बदललेला असतो. मध्ये तार घट्ट असल्याने रबर कमी हलते, कमी तापते आणि सावकाश झिजते. कडेला ताण कमी असल्याने रबर जास्त दबते, लवकर तापते आणि रस्त्याला धरून बसते. मिशेलिनने 2018 साली आणलेल्या रोड 5मध्ये हेच साधण्यासाठी दोन प्रकारचे रबर वापरलेले आहे. मधले रबर कडक, कडेचे मऊ, आणि मागच्या टायरमध्ये कडक रबराचा थर मऊ रबराच्या खालूनही नेलेला असतो, म्हणजे गाडी कलवून थ्रॉटल उघडताना कड लिबलिबत नाही. टायर झिजत जाईल तशा त्याच्या बारीक चिरा खालून रुंद होत जातात. त्यामुळे 5,000हून अधिक किलोमीटर झिजलेला रोड 5 ओल्या रस्त्यावर त्याच्याआधीच्या पिढीतल्या नव्या पायलट रोड 4 इतक्याच अंतरात थांबतो, असा कंपनीचा दावा आहे.

पकड आणि झीज यांचे नाते समजून घेण्यासाठी रबराकडेच पाहावे लागते. खडीच्या बारीक उंचसखलपणात रबर शिरते, दबते, पुन्हा मूळ आकाराला येते, आणि या धडपडीत काही शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च करते. हा खर्च जितका जास्त, तितकी पकड चांगली, पण टायरही तितकाच अधिक तापतो आणि झिजतो. पावसात पाण्याचा पातळ थर रबर आणि डांबर यांच्यामध्ये येतो, रस्ता टायरला तापू देत नाही, आणि उन्हाळ्यात गोंदासारखा चिकटणारा स्पोर्ट टायर जुलैच्या ताम्हिणीत कठीण होऊन बसतो. सिलिकाचे प्रमाण जास्त असलेले रबर कमी तापमानालाही मऊ राहते, म्हणून आपल्या घाटांसाठी, निदान जून ते सप्टेंबर या काळात, मी स्पोर्ट टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी आणि ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेले टायरच निवडीन. ट्रॅकवर जाणाऱ्यांचे मत वेगळे असेल आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे.

झीज मोजण्यासाठी मी दर हजार किलोमीटरला खोलीमापक घेऊन बसतो आणि मागच्या टायरच्या खाचांची खोली तीन ठिकाणी पाहतो: मधोमध, डावीकडे आणि उजवीकडे. गाडी थंड असताना, हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे भरून घेतल्यावरच. पुणे ते सातारा हा सरळ महामार्ग ज्या महिन्यात जास्त झाला, त्या महिन्यात मधला आकडा झपाट्याने उतरतो आणि कडेचा जवळजवळ जागचा हलत नाही. नव्या टायरची गोलाई अशा वेळी सपाट होते आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना बोटाला जाणवेल अशी धार उभी राहते. वळणात गाडी कलवताना ती आधी अडून राहते, मग त्या धारेवरून एकदम आत पडते. खाचा शिल्लक असतात, खाचेच्या तळाशी असलेला, झिजेची खूण दाखवणारा उंचवटा अजून वर आलेला नसतो, तरी पसरणी घाटाच्या चढावर एकामागून एक येणाऱ्या वळणांत हात सारखे हँडल सावरत असतात. माझ्या लेखी तो टायर तिथेच संपलेला असतो.

कडेच्या रबराचा अनुभव मात्र मला एका वेगळ्याच टायरने दिला. एका दुकानातून घाईत घेतलेला नवा मागचा टायर दिसायला काळाभोर होता, खाचा पूर्ण होत्या, आणि तरीही पहिल्याच पावसात ताम्हिणीतल्या एका डाव्या वळणावर, जिथे डोंगरातून लाल माती वाहून रस्त्यावर आली होती, मागचे चाक हातभर बाहेर सरकले. गाडी सावरली. माती निमित्त असेल असे वाटले, पण पुढच्या स्वच्छ वळणांवरही तोच निसरडेपणा जाणवत राहिला. घरी आल्यावर टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले, तर पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असल्याने हिशेब सरळ होता: टायर चार वर्षांहून जुना होता. कडेवर नख रुतवून पाहिले, तर रबर पाटीसारखे कडक लागले. तेव्हापासून टायर चाकावर चढण्याआधी मी ते चार आकडे टायरवाल्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो, आणि नव्या टायरवरची पहिली शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, हळूहळू कलवत काढतो.

सध्याच्या टायरची गेल्या रविवारी घेतलेली नोंद वहीत आहे: मध्ये साडेतीन मिलिमीटर, डावीकडे पाच, उजवीकडे पावणेपाच. धार अजून बोटाला लागत नाही. मेअखेर पुन्हा मोजेन, आणि ती लागू लागली असेल तर मध्ये तीन मिलिमीटर शिल्लक असले तरी पहिल्या पावसाआधी टायर बदलून घेईन.