दहापैकी किती?

"दुखतंय का?" असं कुणी विचारलं की "थोडंसं" म्हणायचं, ही माझी जन्माची सवय. पोटाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात आठ दिवस काढले, त्यात ती सुटली.

आतड्यातला अडथळा काढायला पोट उघडावं लागलं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, लघवीची नळी, कुशीतून ड्रेन, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी, आणि हाताला सलाइन. आधी दर १५ मिनिटांनी बीपी, मग अर्ध्या तासाने, मग चार तासांनी. लघवी किती झाली हे सिस्टर तासातासाला मिलीमध्ये लिहायच्या. आपल्या लघवीला कुणी एवढा मान देईल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या रात्री दात आवळून पडून राहिलो. सिस्टर दोनदा विचारून गेल्या, मी दोनदा "थोडंसं" म्हणालो. हे शहाण्या पेशंटचं लक्षण, असा माझा समज. सकाळी ऑक्सिजन ९२ पर्यंत उतरला होता आणि अंगात कणकण होती.

"काका, दहापैकी किती? शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

"चार."

"बरं, खोकून दाखवा."

अर्धा खोकला घशातच राहिला. डोळ्यांत पाणी.

"हे चार नाही, काका," म्हणत सिस्टरांनी सलाइनच्या स्टँडला पॅरासिटामॉलची बाटली लावली. १०० मिलीत एक ग्रॅम औषध, १५ मिनिटांत आत. मग उभ्याउभ्याच समजावलं. पोट दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, तिथे कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दुखतं म्हणून चालत नाही, मग पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. थोडक्यात, वेदनेचं औषध माझ्या सुखासाठी नव्हतं, मला कामाला लावायला होतं.

काम म्हणजे तीन चेंडूंचं स्पायरोमीटर: नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिला चेंडू उचलायलाच दुपार झाली. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरायची, ही फिजिओथेरपिस्टची युक्ती सगळ्यात कामाची निघाली. चालायच्या आधी अर्धा तास औषध मागून घ्यायचं, हे मात्र अनुभवाने कळलं. दुखणं चढल्यावर घेतलेलं औषध त्याच्या मागे धावतच राहतं.

सगळंच काही छान नव्हतं. तिसऱ्या रात्री सलाइनचा हात सुजून टरटरला. बेल दाबली, पाऊण तास कुणी आलं नाही. नंतर कळलं, पलीकडच्या एका पेशंटची तब्येत अचानक बिघडली होती. राग थोडा निवळला, सगळा नाही. "येते, थांबा" एवढं कुणी दारातून म्हणालं असतं तरी चाललं असतं. सकाळी मोठ्या सिस्टरांना तसं सांगितलं. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत.

मग "गॅस पास झाला का?"चे दिवस. डॉक्टर, सिस्टर, मावशी, भेटायला आलेला मेहुणा, सगळे हेच विचारत. ऑपरेशननंतर लहान आतडं लवकर जागं होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. माझ्याने चौथ्या दिवशी पहाटे खबर दिली आणि शेजारच्या कॉटवरून अभिनंदन आलं! नाकातली नळी निघाली, पाण्याचे घोट सुरू झाले.

ड्रेन काढताना मोठा श्वास घ्यायला सांगतात, तेवढ्यात ओढून मोकळे होतात. मला दुखलं नाही, पोटातून काहीतरी सरपटत गेल्यासारखं विचित्र वाटलं.

शेवटच्या राउंडला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "पडल्यापडल्या दोन, खोकताना पाच." बायको बघतच राहिली.

टाके काढायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. घरची उशी फार मऊ आहे, खोकताना दोन लागतात.