पारा उतरला त्या दिवशी

नागपुरात जूनच्या सुरुवातीला एक फसवा दिवस हमखास येतो. महिनाभर ४४-४५ ला चिकटलेला पारा ३८ वर उतरतो, आभाळ भरून येतं, पाऊस मात्र पडत नाही. पेपरात 'नागपूरकरांना दिलासा' असा मथळा असतो. ही गोष्ट तशाच एका दिवसाची.

टिनाच्या घरांमधल्या माणसांना उन्हाळा किती सोसावा लागतो, ते मोजायचं आमचं काम. वेधशाळेचा आकडा खोटा नसतो, पण तो मोकळ्या जागी, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत घेतलेला असतो. टिनाखाली काय चाललंय ते टिनाखालीच जाऊन मोजावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे तीन तापमापक असतात. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. तिसरा तांब्याच्या पोकळ काळ्या गोळ्यात बसवलेला, छपरातून आणि भिंतींतून येणारी धग पकडणारा. या आकड्यांचा हिशेब करून एक निर्देशांक काढतात आणि त्यात ७० टक्के वजन एकट्या मलमलवाल्याला असतं. घाम वाळला तरच अंग थंड होतं आणि तो किती वाळू शकेल हे हाच सांगतो.

दुपारी आशाताईंचा फोन आला. "मॅडम, कोपऱ्यावरचे काका काहीच्या काही बोलून रायले. या न लवकर."

एका खोलीचं घर. दर्शनी खिडकीत कूलर, मागच्या खिडकीला पुठ्ठा ठोकलेला, दार बंद. काकू म्हणाल्या, "सकाळपासून चालूच हाये जी कूलर, पण अंग नुसतं चिपचिप करते." मलमलीच्या तापमापकात ३० होते. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते तेव्हा तो २३ च्या आसपास दाखवतो. कूलर हवेला फार तर याच आकड्यापर्यंत थंड करू शकतो, त्याखाली नाही. म्हणून मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून येणारी झुळूक सुखाची वाटते आणि जूनमध्ये तोच कूलर, तेच पाणी, तरी जीव घाबरा होतो. त्यात खोली बंद असली की ओल बाहेर जातच नाही, तिथल्या तिथे फिरत राहते.

काकांची कातडी कोरडी होती आणि हाताला चटका बसावा इतकी तापलेली. मला त्यांनी त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. उशाशी बीपीच्या गोळ्यांची पाकिटं होती, त्यांतली एक लघवी वाढवणारी. उन्हाळ्यात या गोळीवर डॉक्टरांनी नजर ठेवावी लागते, पण वस्तीत एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षभर चालते.

शेजारच्या पोरानं पुठ्ठा उखडला. रसवंतीवाल्यानं बर्फाची अख्खी लादी दिली, पैसे घेतले नाहीत. काखेत, जांघेत बर्फ, अंगावर पाणी आणि समोर टेबलफॅन. काकू कांद्याचा रस पाजायला निघाल्या, तेव्हा आशाताईंनी त्यांचा हात धरला. शुद्ध हरपलेल्या माणसाला काही पाजलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती असते. तेवढ्यात १०८ आली.

रुग्णालयात ताप ४१ च्या वर निघाला. केसपेपरवर लिहिलं गेलं: ताप, भ्रम, मेंदूज्वराची शंका. तरुण डॉक्टर मला म्हणाले, "आज कुठे ऊन आहे, मॅडम?" मी वहीतले आकडे दाखवले. त्यांनी ते नीट वाचले आणि खाली उष्माघाताचीही शंका नोंदवली. बाकीच्या तपासण्याही केल्या, त्या करायलाच हव्या होत्या.

उन्हाचे बळी कागदावर असे सहज निसटतात. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार येतो, मूत्रपिंड येतं, ऊन येत नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला होता. तेव्हा किती माणसं गेली हे दाखले वाचून कळलंच नसतं. संशोधकांनी त्या मे महिन्यातल्या एकूण मृत्यूंची तुलना आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्यांशी केली. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. २०१३ साली त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला तो यानंतरच.

संध्याकाळी मी फॉर्म भरायला बसले. त्यात एक प्रश्न होता: उष्णतेच्या लाटेचा दिवस, होय की नाही? हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात पारा किमान ४० ला पोहोचला तरच लाटेचा विचार होतो. उत्तर 'नाही'. तेच लिहिलं आणि शेऱ्यात मलमलीचा आकडा टाकला. पुढच्या बैठकीत त्याच्यासाठी वेगळा रकाना मागितला. बरीच वादावादी झाली, पण मिळाला.

काका वाचले. घरी आल्यावर मागच्या खिडकीवरून नवरा-बायकोचं भांडण जुंपलं. उघडी ठेवली तर रात्री चोर शिरेल, असं काकांचं म्हणणं.

"शिरू द्या," काकू म्हणाल्या, "नेऊन नेऊन काय नेईल? कूलरच नं!"