पद्मिनीचा कललेला मागचा भाग

बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मागून उजवीकडे बसते हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. मागच्या सीटवर ती डावीकडे बसायची आणि रंकाळ्याला चक्कर मारून येईपर्यंत सरकत सरकत मधे यायची. मी गाडी मागून पाहिली, तर उजवं चाक मडगार्डमध्ये जास्तच शिरलेलं.

गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं, शॉकअप गेलेत. मीही बदलून घेतले. गाडी होती तशीच. नंतर वाचलं तेव्हा कळलं की पद्मिनीच्या मागच्या शॉकअपवर वजन नसतंच, ते फक्त उसळी मारणं थांबवतात. मागचा भार असतो कमानपाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पानांच्या लीफ स्प्रिंगवर. चूक माझीही होतीच, टेप न लावता पाकीट काढलं.

मग टेप लावला. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, डावी-उजवीत ३४ मिलिमीटरचा फरक. पण आमच्या पार्किंगला पाणी जायला उतार आहे. बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या गवंड्याकडून पाण्याची लेव्हलनळी मागून आणली. उजव्या चाकाखालची जागा ९ मिलिमीटर खाली निघाली. राहिले २५. टायरमध्ये हवा पाहिली, तर डावीकडे २८ आणि उजवीकडे २२. सारखी केल्यावर २२ मिलिमीटर राहिले. म्हणजे एक तृतीयांश कल गाडीत नव्हताच.

तिथून पुढे जमिनीवरून मोजणं सोडलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, आणि त्याआधी डिकी रिकामी करून, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून, मागून चार-पाच वेळा दाबून सोडायची. हे केलं नाही तर पाटे अडकून राहतात आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. मडगार्डला कधी काळी डेंटरचा हात लागलाय, त्यामुळे खाली वाकून एक्सलच्या नळीपासून बॉडीपर्यंतही मोजलं. तिथेही उजवीकडेच कमी.

खराबी मागेच आहे का, ही पुढची शंका. पुढची एक स्प्रिंग बसली की गाडी तिरकी होते आणि दोष मागे दिसतो. मागच्या चाकांना दगड लावले, ट्रॉली जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून पुढचा भाग बरोबर मधोमध उचलला, चाकं जमिनीवरून सुटेपर्यंतच. आता पुढचं सगळं एका टोकावर. फरक २० आला. पुढची बाजू निर्दोष सुटली.

इथे मी उजवा पाटा उतरवायच्या तयारीत होतो. सहज बाबांच्या वहीत पाहिलं (डिझेल-पेट्रोलपासून बल्बपर्यंत सगळं लिहायचे, आमची पद्मिनी पेट्रोलची, तरी डिझेलचा रकाना होता). शेवटच्या पानावर नोंद: ‘डाव्या पाट्याचे बुश बदलले, कचकच बंद.’ फक्त डाव्या.

पाट्याच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळले, तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली ठेवली की ते पिळवटतं आणि तेवढी बाजू उचलून धरतं. डाव्या पाट्याचा पुढचा बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या पट्टीचे) बोल्ट, गाडी जमिनीवर ठेवूनच, ढिले केले. दुसरा नट सैल होताना ‘कट्’ असा आवाज आला आणि गाडी माझ्या डोळ्यांसमोर खाली बसली. फरक ८ मिलिमीटर. इतके दिवस उजवी बाजू बसली म्हणत होतो, आणि मुख्यतः डावी वर अडकली होती!

उरलेल्या आठसाठी दोन्ही पाटे काढून डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. बोल्ट या वेळी जमिनीवरच आवळले. कल आता डावीकडे गेला. म्हणजे दोष बॉडीचा किंवा हँगरचा (पाटा बॉडीला जिथे अडकवतात त्या भागाचा) नव्हे, मूळच्या उजव्या पाट्याचाच. बाबा वर्षानुवर्षं एकटेच गाडी चालवत ऑफिसला जायचे, भार ड्रायव्हरच्या बाजूवर.

हायवेलगत ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे दोन्ही नेले. त्याने चांगला पाटा सिमेंटच्या कोब्यावर आडवा टाकला, खडूने त्याची कमान आखली आणि दुसरा त्या रेघेवर ठेवला. मधे बोटभरापेक्षा कमी फट. “ह्यो मोडला न्हाई, नुसता बसलाय,” म्हणाला. एकेक पान सुटं करून गंज घासला, चीर कुठे नाही ना ते पाहिलं, हातोड्याने कमान चढवली. दर चार ठोक्यांनी पान परत खडूच्या रेघेवर. नवे बुश मी कुर्ल्याहून मागवले होते. ही गाडी बनायची तिथेच, आणि तिचे सुटे भाग अजूनही तिथल्या जुन्या दुकानांत मिळतात.

दोनशे किलोमीटर चालवून परत मोजलं. फरक ३ मिलिमीटर, तेवढा राहू दिला. आई आता डावीकडे बसते ती डावीकडेच उतरते. काढलेले जुने शॉकअप माळ्यावर आहेत, चांगल्या अवस्थेत.