पालकत्व मिळालं, बँकेत अडलं : माझा अनुभव

मूल 18 वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. बऱ्याच घरांत हे कळतं ते मूल अल्पवयीन असताना काढलेलं खातं बँकेने थांबवल्यावर. बौद्धिक दिव्यांग भावाचं पालकत्व मी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली घेतलं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, एवढ्या चारच प्रकारांना तो लागू आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात हा अर्ज चालत नाही, तिथे सहसा कोर्टात जावं लागतं.

अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, फॉर्म ए वर. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. वकील लागत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, अर्जदार आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांचं आधार आणि फोटो, आईवडील नसतील तर त्यांचे मृत्यूचे दाखले आणि सख्ख्या भावंडांची नोटरी केलेली ना-हरकत, इतकं तयार ठेवा. भावंड परदेशात असेल तर त्याची ना-हरकत सगळ्यात आधी मागवा. पुढे फॉर्म बी वर नियुक्ती, म्हणजेच पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं.

खरी अडवणूक बँकेत झाली. काउंटरवर पहिलं वाक्य, "कोर्टाची ऑर्डर आणा." दुसरं, "जॉइंट खातं करा ना, त्यांचा अंगठा घेऊ." दोन्ही चूक आहे, आणि का चूक ते पालकाला पाठ असलं पाहिजे. ज्याला व्यवहार समजत नाही त्याच्याशी करारच होत नाही, म्हणून नुसता अंगठा घेऊन काही साधत नाही. जॉइंट खात्यातही तीच अडचण, शिवाय पैसा कोणाचा हा घोळ कायमचा मागे लागतो. खातं पाल्याच्याच, म्हणजे ज्याचं पालकत्व घेतलं त्याच्याच नावाने हवं, "पालक अमुक यांच्यामार्फत" असं लिहिलेलं, आणि सही पालकाची.

कोर्टाच्या ऑर्डरबद्दल रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2007 मध्येच बँकांना कळवलं आहे की खातं उघडायला आणि चालवायला स्थानिक स्तर समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरता येईल. त्या परिपत्रकाची प्रत मी फाइलला लावली होती, तरी फाइल "लीगलला पाठवली" म्हणून पडून राहिली. तोंडी विचारत फेऱ्या मारण्यात मी आठवडे घालवले, त्याचा राग अजून गेलेला नाही. दिव्यांग माणसाला घरी एकटं ठेवून किंवा सोबत घेऊन या फेऱ्या माराव्या लागतात, याची जाणीव त्या टेबलांवर असायला हवी.

फाइल हलली ती लेखी अर्जाने. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि "नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा" हे वाक्य घालाच. बँकेकडे लेखी तक्रार दिल्यापासून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पोच नसेल तर हे 30 दिवस मोजायचे कुठून?

केवायसीत, म्हणजे बँकेच्या ओळख-पडताळणीत, बोटांचे ठसे उमटेनात, कारण भाऊ बोट मशीनवर स्थिर ठेवत नाही. ठशांवर अडून बसू नका, कागदी केवायसी करायला सांगा.

हे खरं तर वर सांगायला हवं होतं: समितीची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा घ्यावी असं कायद्यातच आहे. अर्ज देतानाच पुढच्या बैठकीची तारीख विचारा. आणि पालकत्वाच्या प्रमाणपत्रावरचं नाव दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून मगच कार्यालयातून निघा. वडिलांच्या नावातला एक फरकसुद्धा बँकेला पुरतो.

नियुक्तीनंतर सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मालमत्तेची, येण्या-देण्यांची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. म्हणून औषधं, डायपर, मदतनिसाचा पगार, सगळं याच खात्यातून द्या आणि पावत्या महिनावार लावून ठेवा.