एका टमाट्याची भावकी

केळीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला फळ म्हटलं की बी आठवत नाही. चोपडा, यावल, रावेर, तापीच्या अंगाने कुठेही जा. नजर पोहोचेल तिथवर केळीच केळी, आणि त्या सगळ्या हिरवाईत पेरलेलं बी एकही नाही. केळं आडवं कापलं की मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतात, तेवढीच बियांची खूण. पूर्वी बाग लावायची तर ओळखीच्या बागेतून कंद काढून आणायचे, आता टिश्यू कल्चरची रोपं येतात. कंद काय नि रोप काय, आधीच्या झाडाचाच तो तुकडा. म्हणून जी-नाइन या केळीच्या वाणाचा आपल्या शेतातला घड आणि बांधापलीकडचा घड यांत फरक असलाच तर पाण्याचा, खताचा आणि मालकाच्या लक्षाचा. रक्त एकच. व्यापारी खूश, ट्रकवाला खूश, आणि आपणही डझनभर घेताना एकेक केळं निरखत बसत नाही.

टमाटा वरून तसाच सभ्य दिसतो. पाटीतले सगळे एका मापाचे, एका रंगाचे. पण त्यातला एक कापावा, आत बी असतात शंभर-दीडशे, त्यातले कुठलेही दोन उचलून कुंडीत टाकावे. दोघं एकमेकांसारखे निघतील याची खात्री कोणी देणार नाही, आणि ज्या टमाट्यातून ते काढले त्याच्यासारखे निघतील याची तर नाहीच नाही.

बाजारच्या टमाट्याचं बी उगवतं का, असं लोक विचारतात तेव्हा मला गंमत वाटते. उगवू नये म्हणून काय करायचं ते विचारा! मोरीचं पाणी परसात जिथे मुरतं तिथे न लावता टमाट्याची रोपं येतात, हे प्रत्येक घराने पाहिलेलं असतं. रेल्वेत नोकरी केलेले आमचे एक मामा तर भुसावळ यार्डाच्या खडीत पाहिलेल्या टमाट्याच्या झाडांचं वर्णन करतात. त्यामागचं कारण ऐन जेवणाच्या वेळी सांगायची त्यांना भारी हौस. टमाट्याचं बी माणसाच्या पोटातून सहीसलामत पार पडतं, आणि गाड्यांची संडासं थेट रुळावर मोकळी होत होती तोवर पेरणीचं काम प्रवासीच करत होते. बायो-टॉयलेट आले आणि ही फुकटची पेरणी बंद पडली.

मी मुद्दाम बी धरायला बसलो तेव्हा आई शेजारी येऊन उभी राहिली. आमचं बिऱ्हाड जळगावात, पण आईची जीभ अजून अमळनेरातच आहे.

“हाऊ काय उद्योग से रे तुना? बजारमा टमाटा भेटतस नही का?”

तिच्या प्रश्नाला वजन आहे, कारण बी राखण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही. वेलावरचं एक चांगलं गिलकं ती तोडू देत नाही. ते पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वाळून इतकं हलकं होतं की हलवलं तर आतल्या बिया खुळखुळतात. तसंच ते खुंटीला टांगायचं. जाळीच्या आत बी वर्षभर सुखरूप. भरताच्या वांग्याचंही तेच. एक वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं आणि घरातल्या कोणी चुकून खुडलं तर घर डोक्यावर घ्यायचं. पण टमाट्याला तिच्या हिशेबात जागा नाही. तो बाजारचा. बाजारच्या वस्तूचं बी धरायचं म्हणजे लग्नघरच्या पंगतीतून पत्रावळ घरी आणण्यासारखं.

टमाट्याचं बी धरायची रीत गिलक्यासारखी स्वच्छ नाही, हेही खरं. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत गिराची पिशवी असते. फळ पाणीदार, आत ऊबही असते, तरी बी फळातच उगवून येत नाही ते या गिरातल्या द्रव्यांमुळे. तो गीर काढायला बी पेल्यात पिळायचं, घोटभर पाणी घालायचं आणि दोन-तीन दिवस विसरून जायचं. मग वर पांढरी साय धरते आणि पेला असा आंबूस वास मारू लागतो की घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या परीने ओट्याखाली काय मेलंय ते शोधतं. आंबण्यात गीर सुटतो, बीवरून येणारे काही रोगही मरतात. पाणी घालून ढवळलं की भरलेलं बी तळाशी बसतं आणि पोकळ बी तरंगतं. चहाच्या गाळणीत धुऊन स्टीलच्या ताटलीत पसरायचं. कागदावर वाळवलं तर कागदासकट पेरायची तयारी ठेवावी, इतकं ते चिकटतं. वाळलेलं बी बोटावर घेऊन उजेडाकडे धरलं तर दिसतं की ते गुळगुळीत नाहीच. चपटं, मळकट पांढरं, आणि अंगभर बारीक लव. एवढा खटाटोप नको असेल त्याने टमाट्याची चकती कापून सरळ मातीत दाबावी. रोपं येतात, फक्त यात्रेच्या गर्दीसारखी एकमेकांच्या खांद्यावर येतात, विरळणी करताना जीव जातो.

संक्रांत उलटल्यावर पेरलं. पुढच्या आठवड्यात लांबट, अरुंद अशा दोन-दोन पानांचे कोंब वर आले, त्यांच्यामागून कातरलेली खरी पानं. मग चोपड्याचे जिभाऊ आले. नात्याने ते माझे चुलत चुलते. केळी आणि कापूस सोडून तिसऱ्या विषयावर ते सहसा बोलत नाहीत. रोपं पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “पाकिटाचं का?”

नाही म्हटलं, बाजारच्या टमाट्याचं.

“म्हणजे पाकिटाच्या पोराचं. मग काय, जे निघेल ते आपलं.”

कापूसवाल्याला हे शिकवावं लागत नाही. एके काळी जिनिंगमधून सरकी आणायची, शेण-मातीत चोळून तिचे तंतू बसवायचे आणि पेरायची, अशी रीत होती. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा संकरित वाण दिला. व्यापारी लागवडीसाठीचा जगातला तो पहिला. सुरत आम्हाला पुण्यापेक्षा जवळ. तिथून पुढे हळूहळू घरची सरकी मागे पडली आणि जूनमध्ये दुकानापुढे पाकिटासाठी रांग लागू लागली. संकरित बीचं पीक घ्यावं, त्याचं बी पुन्हा पेरू नये, हे खानदेशात शाळेत न गेलेला माणूसही सांगेल.

टमाट्यातही हेच. वेगवेगळ्या कुळांतली दोन झाडं निवडतात. एकाच्या न उमललेल्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात आणि दुसऱ्याचे परागकण त्यावर लावतात. फुलाफुलावर हाताने. जालना-बुलढाण्याकडे शेडनेटखाली चालणारं हे काम बहुतेक बायका करतात, आणि त्यासाठी नजर व बोटं दोन्ही घड्याळजीची लागतात. त्या बीची सगळी झाडं सारखी येतात, माल सारखा निघतो, तो आपल्या पिशवीत येतो. टमाट्याचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे पिशवीतल्या टमाट्यात जे बी असतं ते मूळ जोडीचं नातवंड. पोरांच्या पिढीत दबून बसलेलं सगळं नातवंडांत वर येतं. मेंडेलने हे वाटाण्यावर मोजून १८६६ साली छापलं: दबलेला गुण पुढच्या पिढीत चारात एकाला सापडतो. घराघरातली नाकं बघून आपल्या आज्यांनाही हे ठाऊक होतं, फक्त त्यांनी वाटाणे मोजले नाहीत.

यावरून असं बी ‘बाद’ असतं, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. बी वांझ नाही, फक्त बेभरवशाचं आहे. एकरावर कर्ज काढून बसलेल्याला बेभरवसा परवडत नाही, त्याने पाकीटच घ्यावं. माझं काय, गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यांवर कोणाचं पीककर्ज नाही.

रोपं जास्त झाली ती गल्लीत वाटली. सगळी एकाच टमाट्याची भावंडं. दोन महिन्यांत भावकी उघडी पडली. आमचं एक झाड काठीला बांधता बांधता कठड्याच्या वर गेलं. त्याच्या शेजारच्या डब्यातलं गुडघ्याएवढं होऊन थांबलं आणि आडवं पसरलं. समोरच्या वहिनींकडे अंड्यासारखी लांबट फळं, आमच्याकडे चपटी, चुण्या पडलेली. कोपऱ्यावरच्या अण्णांच्या झाडाची पानं मुरडून वाटीसारखी झाली. पांढरी माशी बोकड्या आणते, आणि आमच्या कापसाच्या पट्ट्यात पांढऱ्या माशीला काय कमी? पण त्याच पडवीतलं दुसरं झाड ठणठणीत. अण्णांनी पाणी, खत, ऊन, शेजाऱ्यांची नजर सगळ्यांना दोष दिला. भावाभावांत एकाला आजोबांचा दमा मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, हे ते स्वतःच्या घरात मान्य करतात. कुंडीत करत नाहीत. वहिनींनी तर आम्हाला विचारलंच, “भाऊ, चांगली रोपं तुम्हीच ठेवून घेतली ना?”

फळं येवोत न येवोत, या झाडाच्या अंगाला हात लावणं हेच मला एक काम वाटतं. खोडावरून, पानांवरून बारीक केसांची दाटी असते, त्यातल्या कित्येकांच्या टोकाला चिकट थेंब. बगलेतले फुटवे खुडले की बोटं आधी हिरवट पिवळी, मग जवळजवळ काळी होतात. साबण लावला की फेस पिवळाधमक उतरतो. आणि वास! फळात नसतो एवढा टमाट्याचा वास त्या पानांत असतो. बाजारचा टमाटा हाताळून नाकाशी धरला तर वास येतो पाटीचा. तो आधीच, कडक असताना, रंगाची पहिली झाक येताच तोडलेला असतो, आणि ते व्यापाऱ्याचं पाप नव्हे. पिंपळगाव किंवा नारायणगावाहून निघालेला पिकला टमाटा जळगावात पोहोचेपर्यंत त्याची चटणीच व्हायची.

चैत्र लागला आणि ऊन तापलं. आमच्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या आसपास फिरू लागला की भुसावळ-जळगावची नावं बातम्यांत येतातच. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा, असं झालं की टमाट्याचे पराग निकामी होतात, फुलं देठाशी पिवळी पडून गळतात. नवीन फळ धरायचं थांबलं. आधी धरलेली पिकत होती, केशरट लाल का होईना. फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या एका झाडाची फळं लिंबासारखी पिवळी झाली आणि पिवळीच राहिली.

जिभाऊंचं म्हणणं, ऊन. त्यांचं खोटं नाही. टमाट्याचा लाल रंग तिशीच्या थोडंसं वर गेलं की फळात तयार होईनासा होतो, पिवळा होत राहतो. आणि त्या कोपऱ्यात चारपासून ऊन थेट फळावर, आडोशाला पान नाही. माझं म्हणणं, रक्त. टिकाऊपणासाठी केलेल्या कित्येक संकरित वाणांत जगभर एक गुण वापरतात, पिकणं रोखणारा. आईबापांपैकी एकाकडून आला तर फळ सावकाश पिकतं, ट्रकमध्ये टिकतं. नातवंडात दोन्हीकडून आला तर ते फळ कधी लालच होत नाही. माझ्या पिशवीतल्या टमाट्यात तो गुण होता का, हे त्याच्या पाटीवर थोडंच लिहिलेलं असतं?

आईने आपला उपाय केला. दोन पिवळी फळं तांदळाच्या डब्यात पिकत्या केळ्यांबरोबर ठेवली. उपाय शास्त्रशुद्ध आहे. पिकतं केळं जो इथिलीन वायू सोडतं, तोच केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये मोजून सोडतात. केळी पिकली, आम्ही खाल्ली, शिकरण झालं. टमाटे पिवळेच. मी जिंकलो म्हणणार तोच जिभाऊ फोनवर म्हणाले, “डबा कुठे होता? सैपाकघरात? तिथे तरी तीसच्या खाली असतं का रे?”

मग कुलरच्या खोलीत ठेवायचं ठरलं, पण तोवर वैशाखातली एक दुपार अशी आली की कुलर आणि लाइट दोन्ही गेले, आणि आईने पिवळ्या टमाट्यांची हिरवी मिरची घालून चटणी करून टाकली. चव आंबट, जरा पाणचट, भाकरीबरोबर चालली.

तोडगा शेवटी जिभाऊंनीच काढला. बी पेरून हा तंटा सुटणार नाही. पुढच्या बीत आणखी फाटे फुटतील. त्याच झाडाचा फुटवा लाव, म्हणाले, थंडीत फळं बघू. केळीवाल्याला दुसरं काय सुचणार? पण बरोबर सुचलं. फुटवा म्हणजे तेच झाड, कंदासारखं, रक्तात तसूभर फरक नाही. वीतभर फुटवा तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवला. खोडावर आधी पांढरे पुळे उठले, आणि त्यांतून मुळ्या निघाल्या. मृगाचा पाऊस पडून हवा निवली तेव्हा तो डब्यात लावला, खालची पानं काढून अर्धं खोड मातीत गाडून, कारण गाडलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात. आता तो कमरेएवढा झालाय, पहिली फुलं आली आहेत. दिवाळीच्या थंडीत फळं लाल झाली तर जिभाऊंना अर्धा किलो शेव, पिवळी राहिली तर त्यांच्याकडून मला केळीचा एक घड, असं ठरलंय. घड झाडावरचा, कच्चा. पिकवणार मीच, आईच्या तांदळाच्या डब्यात तो मावणार नाही एवढंच.