आमची वाटचाल: हजेरीपटावरून पाहिलेला हॉटेल व्यवसाय

कोल्हापुरात मटणाची खानावळ चालवणाऱ्या माणसाला लोक रश्श्याचा मसाला विचारतात, जागेचे भाडे विचारतात, दिवसाला किती ताटे जातात हेही विचारतात. कामगारांची नोंद कुठे आणि कशी केली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आमच्या व्यवसायाची हकीकत सांगताना मी हाच दुर्लक्षित धागा धरणार आहे, कारण वडिलांनी स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत सुरू केलेली सहा टेबलांची खानावळ आज उपाहारगृह, वरचा लॉज आणि समारंभाचा एक लहान हॉल एवढी वाढली, ती प्रत्येक टप्प्यावर कायद्यातला एकेक आकडा ओलांडत वाढली.

वडिलांच्या काळी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होता आणि त्याखालचा परवाना, ज्याला बाजारात सगळे ‘गुमास्ता’ म्हणतात, गल्ल्यामागच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी टांगलेला असे. व्यवहाराची रीत धंद्यातली नेहमीचीच होती. वस्ताद (मुख्य आचारी), त्याचा हाताखालचा माणूस, दोन वेटर, भाकरीच्या मावशी आणि भांडेवाला मामा, सगळे ‘खाऊन-राहून’ पगारावर, आणि गणपती-दिवाळीला उचल. वडिलांनी एक गोष्ट मात्र पहिल्यापासून नेमाने केली: एका लांब वहीत रोजची हजेरी, दिलेली उचल आणि महिन्याचा पगार ते स्वतः लिहीत आणि प्रत्येकाची सही किंवा अंगठा घेत. त्यांना कायद्याची कलमे पाठ नव्हती. महिनाअखेरीस गल्ल्यासमोर वाद नको, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे आम्ही ज्या नोंदवह्या कायद्याने ठेवू लागलो, त्यांचा पाया ही वहीच ठरली.

‘खाऊन-राहून’ हा शब्द आमच्या धंद्यात जितका सोयीचा, तितकाच हिशेबाला अडचणीचा आहे. हॉटेल व उपाहारगृह हा उद्योग किमान वेतनाच्या जुन्या कायद्याच्या अनुसूचीत होता, मूळ दरावर मिळणारा विशेष भत्ता राज्य शासन दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, नव्याने जाहीर करते आणि कामगाराला दिलेल्या खोलीची किंमत वेतनात धरता येत नाही. मालकाला मनातून वाटत असते की दोन वेळचे जेवण, चहा-नाष्टा आणि डोक्यावर छप्पर दिले, म्हणजे हातात थोडे कमी ठेवले तरी चालेल. कायदा तसे मानत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, कारण वस्तादाला मुलाच्या शाळेची फी जेवणाच्या ताटाने भरता येत नाही. आम्ही किमान दराची रक्कम पूर्ण बँकेत जमा करतो आणि जेवणाचे पैसे कापत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत धंद्याची जुनी सवय मोडायला देशाला बराच काळ लागला. चहाच्या टपरीपासून ढाब्यापर्यंत ‘बारक्या’ हा जणू फर्निचरचाच भाग होता. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, उपाहारगृहे, हॉटेले आणि चहाच्या दुकानांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही बंदी सर्वच व्यवसायांना लागू झाली. आता शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड अशी आहे. गावाकडून ओळखीचा माणूस पुतण्याला घेऊन येतो आणि ‘अठरा पूर्ण आहेत, मालक’ असे छातीठोक सांगतो, तेव्हा आम्ही शाळा सोडल्याचा दाखला मागतो. दाखला नसेल तर चहा पाजून परत पाठवतो.

लॉजच्या खोल्या बांधल्या, तेव्हा आमची माणसे दहाच्या पुढे गेली. नवा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला होता आणि त्यात दहाहून कमी कामगार असलेल्याला केवळ ऑनलाइन सूचना देणे पुरेसे होते, तर दहा किंवा अधिक असल्यास नोंदणी आणि तिच्यासोबत येणारी सर्व कलमे पाळणे भाग होते. याच उंबरठ्यावर सल्ला देणारे भेटतात. एका सल्लागाराने सुचवले की लॉज पत्नीच्या नावावर काढा, खालचे हॉटेल तुमच्या नावावर राहू द्या, म्हणजे दोन्हीकडे आकडा दहाच्या आत राहील. युक्ती चतुर आहे, पण एकच जिना, एकच स्वयंपाकघर आणि एकच गल्ला असताना दोन आस्थापना दाखवणे टिकत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात तर विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना मानण्याची स्पष्ट तरतूद होती. आम्ही एकाच नावाने नोंदणी केली.

खरा प्रश्न पुढे होता आणि तो आमच्या धंद्याच्या स्वभावातच आहे. हॉटेलात दुपारी जेवणाची गर्दी, मग तीन ते सात शुकशुकाट, आणि पुन्हा रात्री अकरापर्यंत गर्दी. म्हणून सगळीकडे ‘ब्रेक ड्युटी’ चालते: सकाळी दहाला यायचे, तीनला सुटायचे, सातला परत यायचे आणि साडेअकराला घरी जायचे. कामाचे तास मोजले तर साडेनऊ भरतात, म्हणजे तेव्हाच्या नऊ तासांच्या मर्यादेपेक्षा थोडेच जास्त. त्यामुळे अर्धा तास कमी केला की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण अधिनियम कामाचे तास वेगळे मोजतो आणि कामाचा पसारा, म्हणजे पहिल्या हजेरीपासून शेवटच्या सुटीपर्यंतचा काळ, वेगळा मोजतो. २०१७ च्या मूळ तरतुदीत हा पसारा साडेदहा तासांपेक्षा जास्त असता कामा नये असे होते आणि काम खंडित स्वरूपाचे असले तरी तो बारा तासांपलीकडे नेता येत नव्हता. दहा ते साडेअकरा हा पसारा साडेतेरा तासांचा होतो. दुपारच्या त्या चार तासांत वेटर घरी जाऊन येऊ शकत नाही, तो मागच्या खोलीत पंख्याखाली पडून असतो. ते तास त्याचे नसतात आणि मालकही त्यांचे पैसे देत नाही.

आम्ही दोन तुकड्या केल्या. पहिली सकाळी साडेसातला येते आणि साडेचारला सुटते, दुसरी दोनला येते आणि अकराला सुटते; मध्ये दोघींचा वेळ एकत्र येतो, तेव्हा मसाला वाटणे, मटण साफ करणे आणि हॉल धुणे ही कामे उरकतात. सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे, ती वेटर आणि भटारखाना यांना आळीपाळीने मिळते. यासाठी दोन माणसे वाढवावी लागली आणि पहिल्या वर्षी नफ्यात ती टोचली. आठवड्याची सुटी रविवारी देणे आम्हाला शक्य नाही, म्हणून ती वारांत वाटली आहे. आस्थापना वर्षभर उघडी ठेवता येते, मात्र प्रत्येकाला सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुटी मिळायला हवी. जादा काम झाले तर दुप्पट दर.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी लॉज भरून जातो, तेव्हा जादा कामाची वही भराभर भरते. २०२५ च्या बदलापूर्वी तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा होती आणि ती दोघा-तिघांच्या बाबतीत जवळ येत असे, म्हणून ऑक्टोबरमध्ये मी ती वही दर आठवड्याला स्वतः पाहतो. याउलट श्रावणात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला गिऱ्हाईक निम्मे होते आणि भर पगारी रजांची सोय तेव्हाच लागते. वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आणि शिवाय आठ दिवस नैमित्तिक रजा आहे. वस्ताद श्रावणातच गावी जातो, शेताची कामे उरकतो आणि पगार चालू राहतो. रजेचा कायदा आणि पंचांग यांचे इतके चांगले जमेल, असे मला आधी वाटले नव्हते.

कर्मचारी राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधी या दोन योजनांबाबत मालकापेक्षा कामगारच जास्त नाखूश असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. ‘कापू नका, पूर्ण हातात द्या’ ही मागणी मी दर नव्या माणसाकडून ऐकतो. विम्याचा हिस्सा जुलै २०१९ पासून मालकाचा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे, वेतनमर्यादा २१,००० रुपये. निधीसाठी वीस माणसांची अट होती आणि हॉल सुरू झाल्यावर तीही आम्ही ओलांडली. तिथे दोघांचे प्रत्येकी १२ टक्के जातात आणि चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरावे लागते.

विम्याबद्दलची कुरकुर आमच्याकडे एका अपघाताने थांबली. वस्तादाच्या हाताखालचा मुलगा फोडणीची कढई उतरवत असताना ओल्या फरशीवर पाय सरकला आणि तेल उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, सांडले. आम्ही हात गार पाण्याच्या धारेखाली धरला, दवाखान्यात नेले आणि त्याच दिवशी अपघाताची नोंद वहीत करून अहवाल पाठवला. उपचार योजनेतून झाले आणि हात बरा होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ त्याच्या खात्यात आला. विमा नसता, तर नुकसानभरपाईची जबाबदारी थेट आमच्यावर आली असती आणि ती आम्ही उचललीही असती, पण लहान हॉटेलाला असा एखादा मोठा अपघात वर्षभर उठू देत नाही. त्या महिन्यापासून भटारखान्यात रबरी तळव्याचे बूट सक्तीचे आहेत आणि ते आम्हीच विकत देतो.

आगीची जबाबदारी परवान्यापुरती मानण्याची धंद्यात सवय आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुना द्यावा लागतो. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईतील कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले, तेव्हा सगळे ग्राहकांबद्दल बोलले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे एका नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील बहुसंख्य तिथलेच कर्मचारी होते. ग्राहकाला समोरचा दरवाजा दिसतो. भटारखान्यातल्या माणसाला मागचाच दरवाजा असतो आणि नेमक्या त्याच दारात कांद्याची पोती व रिकामे सिलिंडर रचलेले असतात. आमच्या मागच्या दारासमोर आता काहीही ठेवले जात नाही, आणि ते पाहणे हे रात्रपाळीच्या मुकादमाचे लेखी काम आहे.

लॉजमुळे महिला कर्मचारी वाढल्या: स्वागतकक्ष, खोल्यांची साफसफाई, भाकरीच्या मावशी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला नकोत आणि एक सदस्य बाहेरचा. बाहेरच्या सदस्य म्हणून आम्ही एका महिला वकिलांना विनंती केली. कागदावर समिती नेमणे सोपे असते, पण आमच्या धंद्यात त्रास देणारा अनेकदा सहकारी नसून खोलीत उतरलेला पाहुणा असतो, आणि तोही या कायद्याच्या कक्षेत येतो, हे मुकादमांना समजावणे हे खरे काम होते. खोली साफ करताना दार उघडे राहील आणि तक्रार आली तर पाहुण्याचे बिल किती झाले हे पाहिले जाणार नाही, असा नियम मराठीत आणि हिंदीत लावला आहे. रात्री साडेनऊनंतर महिलांचे काम असेल तर त्यांची संमती आणि घरापर्यंत वाहन.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने अधिनियमात वीसपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना सूट देणाऱ्या आणि रोजचे तास नऊवरून दहा करणाऱ्या बदलांना मंजुरी दिली. मला हा बदल हॉटेलसाठी फारसा हिताचा वाटत नाही. दहाव्या तासाला वेटरच्या हातून ताट पडते, आणि आम्ही तुकड्या नऊ तासांच्याच ठेवल्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या तीन गोष्टींवर आमचे काम सध्या चालू आहे. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचे आहे, भांडेवाल्या मामांनासुद्धा, आणि ते त्यांना वाचून दाखवायचे आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, त्यामुळे निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागत आहे. आणि माणूस काम सोडून गेला, तर त्याचे सर्व वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे आहे. ‘पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर ये’ हे आता चालणार नाही.

लग्नसराईत हॉलसाठी कंत्राटदाराकडून येणाऱ्या वाढप्यांचा विषय अजून पूर्ण लागायचा आहे. ही माणसे दोन दिवस येतात, त्यांची नावेही आम्हाला माहीत नसतात, पण कंत्राटदाराने त्यांचे वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालक म्हणून आमच्यावर येते. म्हणून या हंगामापासून कंत्राटदाराने नावांची यादी, वयाचे पुरावे आणि मागच्या कामाच्या वेतनाच्या पावत्या दिल्याशिवाय त्याचे बिल काढायचे नाही, असे ठरले आहे. दोन कंत्राटदारांनी ते मान्य केले आहे आणि तिसऱ्याशी बोलणे चालू आहे.